उत्तर युगांडातील शांतिकार्य आणि शिवणशाळा

यादवी युद्धाचा शेवट कोणत्या दिवशी झाला, हे इतिहासकाराला सांगता येते. परंतु ज्या गावांवरून ते युद्ध गेले, त्या गावांना तो दिवस सहसा दाखवता येत नाही. सैन्ये आपल्या तळांवर परततात, परदेशी वार्ताहर सामान आवरून दुसऱ्या युद्धाकडे निघून जातात. आणि त्यानंतर एके दिवशी रानातून एखादी तरुणी कडेवर मूल घेऊन आपल्या जन्मगावी येऊन उभी राहते. तिचे वय अठरा-वीस असते. दहा-बारा वर्षांची असताना तिला पळवून नेलेले असते. तिच्या मुलाचा बाप ज्या टोळीत होता, त्याच टोळीने या गावातील घरे जाळलेली असतात. तिने आता राहावयाचे कोठे, खावयाचे काय, आणि तिच्या मुलाला कोणत्या कुळातले म्हणावयाचे, हे तीन प्रश्न तहाच्या कलमांत सहसा आलेले नसतात. आफ्रिकेतील युगांडा देशाच्या उत्तर भागात हे प्रश्न हजारो स्त्रियांपुढे उभे राहिले. त्यांची उत्तरे शोधण्याच्या कामी तेथील धर्मसंस्थांनी, विशेषतः ख्रिस्ती धर्मसंस्थांनी, जो वाटा उचलला, तो मुळापासून समजून घेण्याजोगा आहे.

युगांडा हा विषुववृत्तावर वसलेला देश. दक्षिणेस व्हिक्टोरिया सरोवर, आणि त्यातून निघालेली नाईल नदी देशाचे जणू दोन भाग करीत उत्तरेस वाहत जाते. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, तोवर तेथे इंग्रजांचा अंमल होता. त्या अमदानीत दक्षिणेकडील लोकांना शिक्षण, नगदी पिके व कचेरीतील नोकऱ्या मिळाल्या. उत्तरेकडील लोकांची भरती मुख्यत्वे शिपाईगिरीत व मजुरीत झाली. स्वातंत्र्यानंतर या विभागणीची कटू फळे देशास भोगावी लागली. सत्तेचा प्रश्न आला की तो बंदुकीच्या बळावर सुटू लागला. उत्तरेतील अचोली जमातीचे सेनापती टिटो ओकेलो यांनी १९८५ मध्ये सत्ता घेतली. सहा महिन्यांत, म्हणजे जानेवारी १९८६ मध्ये, योवेरी मुसेवेनी यांच्या सैन्याने राजधानी कंपाला जिंकून ती त्यांच्याकडून हिरावून घेतली. पराभूत सैनिक उत्तरेकडे आपल्या गावी पळाले. त्यांच्या पाठोपाठ विजयी सैन्य तेथे पोहोचले. सूडाच्या कृत्यांना आणि गुराढोरांच्या लुटीला ऊत आला, आणि बंडाला आयते निमित्त मिळाले.

या बंडाला प्रारंभापासून एक विलक्षण धार्मिक रंग होता. अॅलिस आउमा नावाच्या एका अचोली तरुणीने आपल्या अंगात 'लाक्वेना' नामक दैवी शक्तीचा संचार होतो असे सांगून हजारो अनुयायी जमविले. विशिष्ट तेल अंगास लावले असता गोळी बाधत नाही, अशी तिच्या शिपायांची श्रद्धा होती. १९८७ मध्ये तिचा पराभव झाला. त्याच सुमारास जोसेफ कोनी हा दुसरा अचोली तरुण पुढे आला. त्याच्या टोळीने पुढे 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी', म्हणजे प्रभूची प्रतिकार-सेना, असे नाव धारण केले. बायबलातील दहा आज्ञांनुसार राज्य चालवावे असे ही सेना तोंडाने म्हणे. आणि त्या दहांपैकी 'खून करू नको' ही आज्ञा तिने जेवढी मोडली तेवढी क्वचितच कोणी मोडली असेल. धर्माच्या नावाने चाललेल्या या अधर्मापुढे तेथील धर्मगुरूंना मौन पाळणे शक्यच नव्हते.

कोनीला जनतेचा पाठिंबा फार काळ टिकवता आला नाही. तरुण आपखुशीने येईनात, तेव्हा त्याने मुले पळवून नेण्यास आरंभ केला. पळवलेल्या मुलांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. मुलांच्या हाती बंदूक येई. मुलींना ओझी वाहावी लागत, स्वयंपाक करावा लागे, आणि वयात येताच त्यांना एखाद्या टोळीनायकाच्या 'पत्नी' म्हणून वाटून दिले जाई. पुष्कळदा पळवलेल्या मुलाकडून प्रथम त्याच्याच गावच्या, कित्येकदा घरच्या, माणसाची हत्या करविली जाई. हेतू हा की, त्याला परतीची वाट उरू नये. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही आपल्याकडील म्हण तेथे अक्षरशः खरी करून दाखविण्यात आली. पुढे गाव त्या मुलाकडे पाही तेव्हा त्याला त्यात आपले लेकरूही दिसे आणि आपला वैरीही दिसे. या युद्धातील सर्वांत अवघड गाठ ती हीच.

सरकारने १९९६ पासून खेड्यांतील लोकांना 'संरक्षित' छावण्यांत हलविण्यास सुरुवात केली. २००५ च्या सुमारास उत्तरेतील विस्थापितांची संख्या १८ लाखांपर्यंत गेली होती. अचोली प्रदेशातील दहांपैकी नऊ माणसे घर सोडून छावणीत राहत होती. शेतकरी शेतापासून तुटला आणि शिधापत्रिकेवर जगू लागला. त्याच वर्षी आरोग्य खात्याने केलेल्या पाहणीत असे आढळले की, छावण्यांतील रोगराई व हिंसा यांपायी नेहमीच्या मृत्युमानापेक्षा आठवड्याला सुमारे १,००० माणसे अधिक मरत होती. जी मुले अद्याप खेड्यांत व छावण्यांत होती, ती पळवून नेली जाण्याच्या भयाने दररोज संध्याकाळी मैलोन्‌मैल चालत गुलू शहरात येत, दुकानांच्या पडव्यांत, बसस्थानकात, इस्पितळांच्या आवारात निजत आणि पहाटे परत जात. एका काळी अशा मुलांची संख्या ४०,००० पर्यंत पोहोचली होती.

अशा स्थितीत धर्मसंस्थांकडेच लोकांची दृष्टी का वळावी? कारण साधे आहे. सरकारवर विश्वास उरला नव्हता, बंडखोरांचे भय होते, आणि मदतसंस्था येत व जात. परंतु चर्च मात्र गावोगाव होते. कोंबोनी संघाचे कॅथलिक मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभापासून या प्रदेशात होते. त्यांनी १९५९ मध्ये स्थापिलेले लाकोरचे इस्पितळ युद्धाच्या काळातही बंद पडले नाही, आणि रात्रीच्या वेळी त्याचे आवार हजारो माणसांचे आश्रयस्थान बनले. अँग्लिकन चर्चचाही विस्तार तितकाच जुना. मृतांना मूठमाती देणारे, आजाऱ्यांची विचारपूस करणारे आणि दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना नावाने ओळखणारे असे हेच लोक होते. मध्यस्थाला लागणारे पहिले भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून मिळविला होता.

या विश्वासाची कसोटी आबोके येथे लागली. ९ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर बंडखोरांनी तेथील कोंबोनी भगिनींच्या सेंट मेरीज कॉलेज या मुलींच्या शाळेवर घाला घातला आणि १३९ मुली पळवून नेल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा ही इटालियन धर्मभगिनी एका शिक्षकाला सोबत घेऊन त्यांच्या मागावर रानात शिरली. तिने टोळीला गाठले आणि नायकापुढे पदर पसरला. १०९ मुली तिच्या हवाली करण्यात आल्या. ३० ठेवून घेण्यात आल्या. त्या तिसांपैकी काही बंदिवासातच मरण पावल्या, इतर पुढील वर्षांत एकेक करून सुटल्या.

मागे राहिलेल्या मुलींचे आईबाप लिरा येथील चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमू लागले. तेथे त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही क्षमा कर, अशा अर्थाचा जो चरण आहे, तो त्यांच्या ओठांतून बाहेर पडेना. पुष्कळ विचारानंतर त्यांनी असा निश्चय केला की, हा चरण म्हणावयाचा तर तो मनापासूनच म्हणावयाचा. त्यांच्यात अँजेलिना आत्याम ही परिचारिका होती. तिची मुलगी त्या तिसांत होती. या पालकांनी स्थापिलेल्या संघाच्या वतीने ती जगभर बोलू लागली, तेव्हा बंडखोरांकडून तिला निरोप आला : तू तोंड बंद ठेव, तुझी मुलगी तुला परत देतो. सर्वच मुली सोडा, एवढेच तिचे उत्तर होते. आणि ते मान्य झाले नाही. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांसाठीचे पारितोषिक देऊन तिचा गौरव केला. तिची मुलगी मात्र घरी यावयास २००४ साल उजाडले. क्षमा हा शब्द उच्चारावयास किती सोपा आणि पेलावयास किती जड, याचे माप या आठ वर्षांत आहे.

त्याच सुमारास निरनिराळ्या पंथांचे धर्मप्रमुख एकत्र आले. कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुसलमान अशा सर्वांनी मिळून १९९८ मध्ये 'अचोली धर्मप्रमुखांचा शांतिप्रयत्न' या नावाने रीतसर कामास प्रारंभ केला. गुलूचे आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट ओडामा, किटगुमचे अँग्लिकन बिशप मॅक्लिऑड बेकर ओचोला, बिशप नेल्सन ओनोनो-ओन्वेंग आणि शेख मुसा खलील ही त्यांतील प्रमुख नावे होत. बिशप ओचोला यांची पत्नी १९९७ मध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात ठार झाली होती. ज्या युद्धाने आपले घर मोडले, त्या युद्धातील अपराध्यांना क्षमा मिळावी म्हणून त्यांनी पुढील वर्षे वेचली. त्यामुळे त्यांच्या तोंडचा क्षमेचा उपदेश कोणाला पोकळ म्हणता येत नव्हता.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे होते. रानातील बहुतेक बंडखोर ही पळवलेली मुले आहेत. सैन्य त्यांच्यावर गोळी झाडते ती वस्तुतः अचोली आईबापांच्या लेकरांवर झाडते. तेव्हा शस्त्र खाली ठेवून येणाऱ्यास शिक्षेचे भय नसावे. या आग्रहाचा मोठा वाटा असलेला क्षमादानाचा कायदा जानेवारी २००० मध्ये मंजूर झाला. पुढील वर्षांत २६,००० हून अधिक लोकांनी त्याचा लाभ घेतला आणि त्यांतील सुमारे निम्मे कोनीच्या सेनेतील होते. हे कार्य निर्धोक मुळीच नव्हते. धर्मगुरू बंडखोरांना भेटत, म्हणून सैन्याला त्यांचा संशय येई. ते शरणागतीचा सल्ला देत, म्हणून बंडखोरांना ते शत्रू वाटत. २००२ मध्ये बोलणी करण्यासाठी रानात गेलेल्या तीन मिशनरी धर्मगुरूंना सरकारी सैन्यानेच पकडून अडकवून ठेवले होते. जून २००३ मध्ये आर्चबिशप ओडामा व त्यांचे सहकारी, ख्रिस्ती व मुसलमान दोघेही, पाठीवर पथारी घेऊन गुलूच्या बसस्थानकात गेले आणि चार रात्री त्या मुलांच्या शेजारी उघड्यावर निजले. जगाचे लक्ष वेधण्यास जे कित्येक अहवालांना साधले नव्हते, ते या चार रात्रींना साधले. २००४ मध्ये जपानमधील निवानो शांतता पारितोषिक या संघटनेस देण्यात आले.

नभोवाणीचा या कार्यातील भाग श्रोत्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. २००२ मध्ये गुलू येथे मेगा एफएम हे केंद्र सुरू झाले. त्यावर 'द्वॉग पाचो' म्हणजे 'घरी परत ये' या नावाचा कार्यक्रम होऊ लागला. रानातून सुटून आलेली मुले-मुली त्यात बोलत. आपण जिवंत आहो, आपल्याला कोणी मारले नाही, आई भेटली, असे नावानिशी सांगत. परत गेलात तर सैन्य तुम्हाला ठार करील, असे नायकांनी मुलांच्या मनावर बिंबवलेले असे. रानात चोरून ऐकलेल्या ओळखीच्या एका आवाजाने ते भय पुष्कळांच्या मनातून गेले, आणि ती वाट चालू लागली.

परंतु परत आलेल्यांत स्त्रियांची गत निराळी होती. क्षमापत्राबरोबर परतणाऱ्यास काही रोख रक्कम, गादी, भांडी, कुदळ, बियाणे अशी शिदोरी देण्याची व्यवस्था होती. ही योजना बंदूक टाकणाऱ्या शिपायाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. ज्या मुली एखाद्या रात्री मुलाला पाठीशी बांधून पळाल्या आणि थेट आपल्या खेड्यात गेल्या, त्यांपैकी पुष्कळ जणी कोणत्याही नोंदवहीत आल्याच नाहीत. शाळेत पुन्हा जावे, तर वय वाढलेले आणि पदरी मूल. शेती करावी, तर जमीन बापाच्या वा नवऱ्याच्या कुळाकडून मिळावयाची. लग्न करावे, तर 'कोनीची बायको' हा शिक्का कपाळी बसलेला.

गुलू येथील सेंट मोनिका शिवणशाळेची कथा येथे सुरू होते. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलींसाठी ही शाळा युद्धापूर्वीच, १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत, निघाली होती. २००१ मध्ये सिस्टर रोझमेरी न्यिरुंबे यांच्याकडे तिची सूत्रे आली तेव्हा तेथे सुमारे ३०० मुलींची सोय होती आणि मुली होत्या जेमतेम ३०. ज्या होत्या, त्यांतील काहींचे चित्त धड्यात लागत नसे. हळूहळू कळून आले की, त्या रानातून सुटून आलेल्या आहेत. तेव्हा सिस्टर रोझमेरी यांनी स्थानिक नभोवाणीवरून उघड आवाहन केले : ज्या मुली पळवल्या गेल्या होत्या, ज्यांना मुले आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी या शाळेत यावे, मुलांना बरोबर आणावे, काय घडले ते कोणी विचारणार नाही. मुलींची रीघ लागली. पुढे दोन हजारांहून अधिक तरुणींनी तेथे शिक्षण घेतले, आणि २०१४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत सिस्टर रोझमेरी यांची गणना केली.

या आवाहनातील 'मुलांना बरोबर आणावे' हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. उद्योगशिक्षणाच्या पुष्कळ योजना स्त्रीला एकटी समजून आखल्या जातात. वर्ग आठ तासांचा, आणि तान्हे मूल सांभाळावयास घरी कोणी नाही, म्हणजे ती आठवड्याभरात गळते. सेंट मोनिकेत आईच्या वर्गाशेजारीच मुलांची बालवाडी उभी राहिली. आई यंत्रावर बसली असता तिचे मूल हाकेच्या अंतरावर खेळत असे. ज्या मुलाकडे गावाने शत्रूचे बीज म्हणून पाहिले, त्याला येथे इतर मुलांसारखे नाव घेऊन हाक मारली जाई, वेळेवर खाऊ घातले जाई. आणि पुष्कळदा आईलाही आपल्या मुलाकडे द्वेषावाचून पाहण्याची सवय याच ठिकाणी लागे.

शिवणकामच का, असे कोणी विचारील. पायाने चालणाऱ्या यंत्रास वीज लागत नाही, ही पहिली सोय. दुसरी अशी की, दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीला मापाची फीत हाती घेतल्यावर अंक, अर्धा-पाव आणि बेरीज-वजाबाकी नकळत शिकावी लागते. गिऱ्हाइकाचे नाव व माप वहीत टिपता टिपता अक्षर फिरून हातात येते. तिसरी सोय बाजाराची. युगांडात १९९७ पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले, शाळांत मुलांची गर्दी झाली, आणि प्रत्येक मुलाला गणवेश हवा. शिवाय ज्या हातांना वर्षानुवर्षे ओझी वाहावी लागली किंवा बंदूक धरावी लागली, त्यांनी एक कापड बेतून, कापून, जोडून त्याचा नीट झगा केला, म्हणजे आपल्या हातून काही चांगले निपजते याचा प्रत्यक्ष पुरावाच त्या मुलीला मिळतो. ज्यांना शिवण आवडत नसे, त्यांच्यासाठी पाकशास्त्राचा व खानावळ चालविण्याचा वर्ग होता. पेयांच्या डब्यांवरील फेकून दिलेल्या धातूच्या कड्या धाग्याने विणून पिशव्या करण्याचा उद्योगही तेथे वाढला, आणि त्या पिशव्या अमेरिकेपर्यंत विकल्या गेल्या.

युगांडात मिशनची शाळा आणि शिवणकाम यांचे नाते तसे जुने आहे, आणि त्यात गोव्याचाही एक धागा आहे. तेथील स्त्रिया समारंभास जो रुंद पट्ट्याचा, टोकदार खांद्यांचा पायघोळ पोशाख घालतात, त्यास 'गोमेसी' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपालानजीकच्या गायाझा येथील मिशनच्या मुलींच्या शाळेसाठी गोमेस नावाच्या एका गोमंतकीय शिंप्याने तो बेतला, आणि त्याचेच नाव त्या वस्त्रास कायमचे चिकटले, असे सांगतात.

आता या कार्याच्या मर्यादाही पाहावयास हव्यात. कारण शिवणयंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. एकाच लहान बाजारपेठेच्या गावात पन्नास शिंपिणी तयार झाल्या, तर गिऱ्हाईक वाटून जाते आणि पोट कोणाचेच भरत नाही. केवळ विद्या देऊन घरी पाठविले आणि यंत्र किंवा कापड घेण्यापुरते भांडवल दिले नाही, तर शिकलेले विसरले जाते. यासंबंधी उत्तर युगांडातच मोजमाप झालेले आहे. इटलीतील कॅथलिक वर्तुळातून निघालेल्या 'आव्सी' या संस्थेने २००९ ते २०११ या काळात १२० खेड्यांतील सुमारे १,८०० अत्यंत गरीब लोकांना, ज्यांत ८६ टक्के स्त्रिया होत्या, पाच दिवसांचे व्यापारशिक्षण, प्रत्येकी सुमारे १५० डॉलर रोख आणि नंतर घरी येऊन देखरेख, असे तिहेरी साहाय्य दिले. अर्थशास्त्रज्ञांनी सोळा महिन्यांनी पाहिले तो त्यांचे उत्पन्न तुलनेच्या गटाच्या दुप्पट झाले होते. बहुतेकींनी लहानसहान किरकोळ व्यापार सुरू केला होता. परंतु त्याच अभ्यासात हेही दिसले की, पैसा आला म्हणून स्त्रीचे गावातील स्थान वा घरातील स्वातंत्र्य फारसे बदलले नाही, आणि नवऱ्याची मारहाणही कमी झाली नाही. सरकारच्या दुसऱ्या एका योजनेत तरुणांच्या गटांना धंदेशिक्षण व हत्यारे यांसाठी रक्कम देण्यात आली. चार वर्षांनी त्यांची मिळकत इतरांहून ३८ टक्के अधिक होती, पण नऊ वर्षांनी इतरांनीही त्यांना बहुतेक गाठले होते. तात्पर्य, धंद्याने स्त्रीला लवकर पायावर उभे राहता येते, आणि भुकेच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही; मात्र समाजात तिची जागा धंदा आपोआप मिळवून देत नाही.

ती जागा देण्याचे काम दुसऱ्या मार्गाने करावे लागते. अचोली समाजात त्यासाठी जुने विधी आहेत. दूरवरून परतलेल्या माणसाला उंबऱ्यापाशी कच्च्या अंड्यावर पाय ठेवून घरात घेतात. अंडे हे निष्पापतेचे चिन्ह. दोन कुळांत खून पडला असेल तर दीर्घ चर्चेनंतर अपराध कबूल केला जातो, भरपाई ठरते, आणि मग 'मातो ओपुत' नामक विधीत दोन्ही पक्ष ओपुत झाडाच्या कडू मुळांचा रस एकाच पात्रातून पितात. ख्रिस्ती धर्मप्रमुखांनी या विधींना मूर्तिपूजा म्हणून दूर न सारता क्षमेच्या उपदेशाशी जोडून घेतले, हा त्यांचा शहाणपणा होय. तरीही येथे स्त्रियांचा एक रास्त आक्षेप उरतो. हे विधी कुळाकुळांतील खुनासाठी घडलेले आहेत. मुलीवर झालेल्या बळजबरीसाठी त्यांत जागा नाही. आणि मूल बापाच्या कुळाचे ही रूढ समजूत असल्याने, ज्याचा बाप रानात मेला वा बेपत्ता आहे, अशा मुलाला कसावयास जमीन कोण देणार, हा प्रश्न अंड्यावर पाय ठेवल्याने सुटत नाही. २००६ नंतर छावण्या मोडून लोक आपापल्या शेतांकडे परतू लागले, तेव्हा या मातांना त्याची सर्वाधिक झळ लागली.

क्षमा आणि न्याय यांतील हा ताण राजकारणातही उमटला. युगांडा सरकारने हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपविले आणि २००५ मध्ये कोनी व त्याचे चार साथीदार यांच्यावर पकड हुकूम निघाले. याने बोलणी फिसकटतील, असे अनेक धर्मप्रमुखांचे मत होते. अपराध्यास शासनच नको काय, असे अनेक पीडितांचे विचारणे होते. २६ ऑगस्ट २००६ रोजी जुबा येथे शस्त्रसंधी झाला आणि उत्तर युगांडात बंदुका बहुतांशी थांबल्या. अंतिम करारावर मात्र कोनीने २००८ मध्ये सही केली नाही. त्याच्या टोळ्या शेजारच्या देशांत गेल्या. त्याचा एक सेनानी डॉमिनिक ओंग्वेन यास २०२१ मध्ये हेग येथे २५ वर्षांची शिक्षा झाली. सक्तीचे विवाह व सक्तीची गर्भधारणा हे त्याच्यावर शाबीत झालेल्या गुन्ह्यांत होते. आणि हा ओंग्वेन स्वतः सुमारे नवव्या वर्षी पळवला गेलेला बालक होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पीडितांना, आणि त्यांत बंदिवासात जन्मलेल्या मुलांनाही, भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्येकी ७५० युरो ही त्यातील प्रतीकात्मक रक्कम. कोनीवरील आरोपांची सुनावणी सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या गैरहजेरीतच घ्यावी लागली.

या सर्व हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. शांतिकार्य आणि उद्योगशिक्षण ही दोन निरनिराळ्या खात्यांची कामे मानण्याचा प्रघात आहे : एक वाटाघाटी करणाऱ्यांचे, दुसरे मदत वाटणाऱ्यांचे. गुलूच्या अनुभवावरून दिसते की, ही एकाच वस्त्राची अस्तर आणि वरचा पदर अशी दोन अंगे आहेत. बिशपांनी क्षमेचा कायदा मिळविला नसता तर मुलगी रानातून बाहेर येण्यास धजली नसती. आणि ती आल्यावर तिला हाताला काम व मुलाला खेळावयास अंगण मिळाले नसते, तर ती क्षमा कागदावरच राहिली असती. उलट, तिच्या हाती यंत्र देऊन समाजाने तिच्याकडे पाठ फिरविली, तर ती कमावती होते पण एकटीच राहते. तेथील धर्मसंस्थांना दोन्ही टोके हाती धरता आली. कारण संकट येण्यापूर्वी त्या तेथे होत्या, आणि ते ओसरल्यावरही तेथेच राहिल्या.

आज रानातून आलेल्या त्या मुलांपैकी अनेकांनी विशी ओलांडली आहे. त्यांच्या आयांनी शिवलेले गणवेश घालून दुसऱ्या मुलांची एक पिढी शाळेत गेली. जमिनीचा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत तसाच आहे, आणि कुळाचे नावही. तहनाम्याच्या कलमांत न मावलेल्या त्या तीन प्रश्नांपैकी, खावयाचे काय याचे उत्तर शिवणयंत्राने काही अंशी दिले. राहावयाचे कोठे याचे उत्तर धर्मभगिनींनी काही काळापुरते दिले. मूल कोणाचे, या तिसऱ्याचे उत्तर मात्र गावालाच द्यावयाचे आहे.